चावी कोणाच्या हातीं?

शहापूर तालुक्यांत तानसा नदीवर बांधलेलें दगडी धरण १८९२ सालीं पुरें झालें आणि व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्तें त्याचा उद्घाटनसमारंभ झाला. पावणेदोन मैल लांबीच्या त्या भिंतीमागें सांठलेलें पाणी पन्नास मैलांहून अधिक वाट चालून मुंबईस येऊं लागलें. त्याला ओढून आणणारें इंजिन नव्हतें. तलाव उंचावर आणि शहर सखल जागीं, एवढ्याच आधारावर तें वाहत आलें. विहार आणि तुळशी येथील तलावांनीं ज्या शहराची तहान भागेनाशी झाली होती, त्या शहरास तानसाचा मोठाच आधार झाला.

नळाचें पाणी घरांत आलें, त्याबरोबर एक नवें नातेंहि घरांत आलें. विहीर वाड्याच्या मालकाची असे. तिच्यावरील रहाट केव्हां चालवावा हें तोच ठरवी. नळाचें तसें नाहीं. त्याचें एक टोंक स्वयंपाकघरांत असतें आणि दुसरें म्युनिसिपालिटीच्या ताब्यांत. रस्त्याखालील व्हॉल्व्ह फिरवून आळीआळीचें पाणी सोडणारा आणि बंद करणारा जो नोकर, त्याला मुंबईकर 'चावीवाला' म्हणतात. गळती थांबविणें, ठरल्या वेळीं पाणी सोडणें, एखाद्या घरांतील घाण पाणी उलटें मुख्य नळांत शिरूं नये अशी तजवीज ठेवणें, हीं चावीवाल्याचीं आणि त्याच्या वरिष्ठांचीं कामें सर्वांना मान्य आहेत. परंतु घरांत आलेल्या पाण्यानें हंडा भरावा कीं घागर, हें त्यानें ठरवावें असें कोणीहि म्हणणार नाहीं. सार्वजनिक हिताची चावी कोठें संपते आणि घरधन्याच्या इच्छेवरील कुलूप कोठें सुरू होतें, हा प्रश्न त्यामुळें नळाइतकाच जुना आहे.

तानसाच्या धरणानंतर सुमारें शंभर वर्षांनीं शहरांतील घरांत दुसराच एक नळ आला. त्यांतून पाण्याऐवजीं अक्षरें, चित्रें आणि आवाज वाहतात. या इंटरनेटच्या नळालाहि एक दुसरें टोंक आहे आणि तेथेंहि एक चावीवाला बसलेला आहे. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनें घरगुती ग्राहकाच्या जोडणीवरील कांहीं 'पोर्ट' बंद करावे कीं नाहीं, हा वाद तज्ज्ञांमध्यें कित्येक वर्षें चालू आहे. वाद तांत्रिक दिसतो; पण त्याचें मूळ चावीवाल्याच्या अधिकारांतच आहे.

पोर्ट म्हणजे काय, तें प्रथम समजून घेणें इष्ट. संगणकाचा इंटरनेटवरील पत्ता हा चाळीच्या पत्त्यासारखा मानला, तर पोर्ट म्हणजे त्या चाळींतील खोलीचा क्रमांक. चाळीचें नांव बरोबर असलें तरी खोलीचा क्रमांक नसेल तर पत्र योग्य हातीं पडत नाहीं. इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर असा क्रमांक लिहिलेला असतो आणि शून्य धरून एकंदर ६५,५३६ क्रमांक उपलब्ध आहेत. २५ क्रमांकाच्या दारीं ईमेलचें टपाल येतें. ८० आणि ४४३ या क्रमांकांवर वेबचीं पानें मिळतात. २३ क्रमांकाच्या दारांतून दूर बसून यंत्र चालवितां येतें. दाराआड उत्तर देणारें कोणी असेल तरच तें दार उघडें म्हणावयाचें. एरव्हीं तो नुसता आंकडा असतो.

हे क्रमांक कोणत्याहि सरकारनें ठरविलेले नाहींत. इंटरनेटचें पूर्वरूप जें आर्पानेट, त्याचा आरंभ अमेरिकेंत १९६९ सालीं झाला. कोणतें काम कोणत्या क्रमांकावर चालावें याची एक सर्वमान्य यादी असावी अशी सूचना जॉन पोस्टेल या संशोधकानें १९७२ सालीं केली, आणि १९९८ सालीं मृत्यु येईपर्यंत ती यादी सांभाळण्याचें काम मुख्यतः त्यानेंच केलें. त्या काळच्या व्यवस्थेंतील एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. जाळ्यांतील प्रत्येक यंत्र मागणारेंहि होतें आणि देणारेंहि होतें. पुरविणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, असा भेद त्या रचनेंत नव्हता.

या विश्वासाला पहिला मोठा धक्का २ नोव्हेंबर १९८८ रोजीं बसला. रॉबर्ट मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें सोडलेला एक 'कृमि' टपालाच्या आणि अशाच इतर उघड्या दारांतून यंत्रायंत्रांत शिरला. सुमारें ६,००० यंत्रें बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळीं करण्यांत आला. त्यानंतर विद्यापीठें आणि कंपन्या यांनीं आपापल्या वेशीवर 'फायरवॉल' नांवाचे पहारेकरी बसविण्यास आरंभ केला. मात्र हा पहारेकरी घराच्या मालकानें नेमलेला होता. कोणास आंत घ्यावें आणि कोणास अडवावें, हें मालक सांगे आणि पहारेकरी तें पाळी.

हिंदुस्थानांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य नागरिकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. या सरकारी कंपनीचें मुख्य ठाणें मुंबईंत होतें. परदेशीं टेलिफोन लावून देण्याचा मक्ताहि तिच्याचकडे होता, आणि तार-टेलिफोनवरील सरकारच्या या एकाधिकाराचें मूळ १८८५ च्या तार कायद्यांत होतें. ज्या घरांतील मुलगा न्यू जर्सींत किंवा कॅलिफोर्नियांत नोकरीस गेलेला, त्या घरांत परदेशीं फोन करणें हा घड्याळ समोर ठेवून उरकावयाचा विधि असे. आईला विचारावयाचें असे तें मनांतच राही आणि मिनिटें संपत.

नेमकें त्याच वर्षीं इस्रायलमधील व्होकलटेक या कंपनीनें संगणकावरून संगणकाशीं बोलण्याची सोय बाजारांत आणली. इंटरनेटच्या नळांतून आवाजहि वाहूं शकतो, हें लोकांस कळलें. ज्या निगमाच्या एका हातांत इंटरनेटची चावी होती, त्याच्याच दुसऱ्या हातांत परदेशी टेलिफोनचा गल्ला होता. निगमानें इंटरनेटवरून आवाज नेण्यास मनाई केली आणि अशी सेवा देणाऱ्या कित्येक ठिकाणांकडे जाण्याची वाट आपल्या यंत्रांतून बंद करून टाकली. १९९८ च्या नोव्हेंबरांत खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरविण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हां त्यांच्या परवान्यांतहि ही मनाई कायम राहिली. अरुण मेहता यांच्यासारख्या संगणकतज्ज्ञांनीं या बंदीविरुद्ध आवाज उठविला; दिल्लीच्या उच्च न्यायालयांत दादहि मागितली गेली.

अखेर १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशीं बोलण्यास परवानगी मिळाली. परदेशी टेलिफोनवरील निगमाचा मक्ताहि त्याच वेळीं संपला. हा योगायोग मानण्याचें कारण नाहीं. ज्या दिवशीं गल्ला राखण्याची गरज उरली नाहीं, त्या दिवशीं कुलुपाचीहि गरज उरली नाहीं. त्या सात वर्षांत आवाजाच्या वाहतुकीनें कोणत्याहि शेजाऱ्याच्या घरांत घाण पाणी शिरत नव्हतें. पाण्याच्या निर्मळतेशीं त्या कुलुपाचा कांहींएक संबंध नव्हता. संबंध होता तो वसुलीशीं.

एवढ्यावरून प्रत्येक कुलूप अन्यायाचें असतें असें ठरविणें मात्र चुकीचें होईल. त्याच काळांत उलट बाजूचा पुरावाहि जमा होत होता. २५ जानेवारी २००३ रोजीं 'स्लॅमर' नांवाचा कृमि १४३४ क्रमांकाच्या पोर्टवरून पसरला. बाधा होण्याजोग्या यंत्रांपैकीं बहुतेक यंत्रें त्यानें दहा मिनिटांच्या आंत गांठलीं. त्यांची संख्या सुमारें ७५,००० होती. दक्षिण कोरियांतील इंटरनेटचा व्यवहार विस्कळीत झाला. जगांतील अनेक कंपन्यांनीं कोणाची परवानगी न विचारतां तें दार बंद केलें, आणि त्याबद्दल फारशी तक्रार झाली नाहीं. आग लागली असतां शेजाऱ्याच्या अंगणांतून बंब न्यावा लागतो. त्या वेळीं अंगणाचा मालक कायद्याचें पुस्तक काढून बसत नाहीं.

टपालाच्या २५ क्रमांकाच्या दाराची कथा अधिक बोधप्रद आहे. बाधा झालेला घरगुती संगणक मालकाच्या नकळत दिवसरात्र जाहिरातींचीं आणि फसवणुकीचीं पत्रें जगभर धाडीत राहतो. घरधनी निर्दोष असतो, पण त्याच्या घरांतील घाण पाणी सार्वजनिक नळांत शिरत असतें. यावर उपाय म्हणून अनेक कंपन्यांनीं घरगुती जोडण्यांवरून २५ क्रमांकानें बाहेर जाणारी वाट बंद केली. तत्पूर्वींच, १९९८ च्या डिसेंबरांत, ५८७ क्रमांकाचें दुसरें दार टपाल सोंपविण्यासाठीं नेमून देण्यांत आलें होतें. तेथें पत्र टाकणाऱ्याला सामान्यतः आपली ओळख पटवावी लागते. म्हणजे एक दार बंद झालें तरी शेजारींच नांव विचारणारें दुसरें दार उघडें राहिलें, आणि प्रामाणिक माणसाचें कांहीं अडलें नाहीं. ब्राझील देशांत कंपन्या, सरकार आणि ग्राहकांचे प्रतिनिधि यांनीं एकत्र बसून हीच व्यवस्था ठरविली. २०१३ च्या सुमारास ती अमलांत आली, आणि स्पॅम पाठविणाऱ्या देशांत आघाडीवर असलेला तो देश त्या यादींत पुष्कळ खालीं उतरला. विदेश संचार निगमाचें कुलूप आणि हें कुलूप यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. येथें हानि खरी होती, उपाय तिच्याच मापाचा होता, पर्याय उपलब्ध होता आणि निर्णय सर्वांसमक्ष झाला होता.

पुढें घरांतील मोडेम आणि कॅमेरेहि या संकटांत सांपडले. २०१६ सालीं 'मिराय' नांवाच्या कृमीनें २३ क्रमांकाच्या दारावर कारखान्यांतून आलेले ठराविक संकेतशब्द लावून पाहिले आणि लाखों उपकरणें ताब्यांत घेतलीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस जर्मनींतील डॉइच टेलिकॉम कंपनीच्या सुमारें ९ लाख ग्राहकांची जोडणी बंद पडली. त्या हल्ल्याचा रोख ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर होता. २०१७ च्या जुलै अखेरीस तीच पाळी हिंदुस्थानावर आली. भारत संचार निगम आणि मुंबई-दिल्लीस सेवा देणारें महानगर टेलिफोन निगम यांच्या ग्राहकांचे मोडेम 'ब्रिकरबॉट' नांवाच्या कृमीनें निकामी केले. अशा मोडेमांची संख्या ६०,००० च्या वर असल्याचें त्या वेळच्या वृत्तांत आलें होतें. संकेतशब्द तातडीनें बदलावे, असें आवाहन भारत संचार निगमानें ग्राहकांस केलें.

या घटनेंत एक मर्म दडलेलें आहे. ७५४७ हें दार घरधन्याच्या उपयोगाचें नाहीं. कंपनीला दुरून मोडेमची देखभाल करतां यावी म्हणून तें ठेवलेलें असतें. ज्या दारानें फक्त कंपनीच्या माणसानें यावें, तें साऱ्या जगासाठीं उघडें राहणें हा व्यवस्थेचा दोष. त्याबद्दल ग्राहकास बोल लावतां येत नाहीं. असलें दार बाहेरच्यांसाठीं बंद ठेवणें हें कंपनीचें कर्तव्यच आहे. तेव्हां "कंपनीनें पोर्ट बंद करावे काय?" या प्रश्नास एकच उत्तर पुरत नाहीं. दार कोणाचें, धोका कोणास, आणि चावी कोणाकडे, हें प्रत्येक वेळीं पाहावें लागतें.

कायद्यानेंहि हाच विचार हळूहळू अंगीकारलेला दिसतो. युरोपीय संघानें २०१५ सालीं केलेल्या नियमांत ग्राहकाचा हक्क दुहेरी मानला आहे. माहिती घेण्याचा जसा हक्क, तसाच ती देण्याचा आणि स्वतः सेवा पुरविण्याचाहि. हिंदुस्थानांत २०१५ च्या मार्चमध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें या विषयावर लोकमत मागविलें, तेव्हां दहा लाखांच्या आसपास ईमेल प्राधिकरणाकडे गेले. २८ नोव्हेंबर २०१७ रोजीं प्राधिकरणानें आपल्या शिफारशी दिल्या आणि पुढील वर्षीं सरकारनें त्या मान्य केल्या. इंटरनेटवरील मजकूर, वाहतुकीची पद्धति किंवा ग्राहकाचें उपकरण यांवरून पंक्तिप्रपंच करूं नये, हें त्यांचें मुख्य सूत्र. जाळ्याची सुरक्षितता राखण्यासाठीं अपवाद ठेवलेला आहे. पण वाहतुकीचें नियमन कारणाच्या प्रमाणांत, तात्पुरतें आणि उघड असावें अशी अट आहे. चावीवाल्यानें चावी फिरवावी. मात्र कां फिरविली तें फळ्यावर लिहावें, असा याचा सोपा अर्थ.

तरीसुद्धां आज घरगुती ग्राहकाचीं बहुतेक दारें एका निराळ्याच कारणानें बंद आहेत आणि त्याचा फळा कोठेंच लागलेला नाहीं. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत सुमारें ४३० कोटी पत्ते होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं त्यांच्या मध्यवर्ती सांठ्यांतील शेवटचे गठ्ठे वांटून झाले. तेव्हांपासून एकच पत्ता अनेक घरांत वांटून देण्याची युक्ति रूढ झाली. घरांतून बाहेर पाठविलेल्या पत्राचें उत्तर बरोबर परत येतें, परंतु बाहेरून आपण होऊन येणाऱ्या पत्राला कोणतें घर गांठावें हें समजत नाहीं. कोणीहि कुलूप लावलेलें नसतां सारींच दारें बंद! नव्या पद्धतींत पत्त्यांचा दुष्काळ नाहीं आणि ती स्वीकारण्यांत हिंदुस्थान अग्रेसर देशांपैकीं एक आहे. तेथेंहि बाहेरून येणारी वाट मोडेममध्यें मुळांतच बंद ठेवलेली असणें ही सामान्य गोष्ट आहे, आणि ती उघडण्याची किल्ली कित्येकदां ग्राहकाच्या हातीं नसते.

यांत बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. सामान्य कुटुंबाला सिनेमा पाहावयाचा असतो, बिलें भरावयाचीं असतात, मुलांचा अभ्यास व्हावयाचा असतो. त्यांतील कशालाहि बाहेरून येणारें दार लागत नाहीं. शिवाय न वापरलेलें उघडें दार म्हणजे चोराला आमंत्रण. ज्यास घरांतून सेवा चालवावयाची असेल त्यानें व्यापारी जोडणी घ्यावी. पाण्यालाहि दुकानास एक दर आणि घरास दुसरा असतोच. हा युक्तिवाद दुबळा नाहीं. पाण्याचा दर मात्र वापर पाहून ठरतो. घरांत राहून वृद्ध आईवडिलांच्या खोलींतील कॅमेरा परगांवाहून पाहूं इच्छिणारा मुलगा दुकान चालवीत नाहीं. दार बंद असल्यामुळें त्या खोलीचें चित्र आधीं एखाद्या परक्या कंपनीच्या यंत्रांत जातें आणि तेथून त्याच्या हातीं येतें. कुटुंबाचीं छायाचित्रें स्वतःच्या संगणकावर ठेवून नातेवाइकांस दाखवूं पाहणाऱ्या गृहस्थाचीहि हीच गत. पहिल्या पिढींतील इंटरनेटवर जें यंत्र देणारेंहि होतें, तें आतां केवळ घेणारें उरलें, आणि देण्याचा मान थोड्या बलाढ्य कंपन्यांकडे गेला. बंद दाराची खरी किंमत ही आहे, आणि ती महिन्याच्या बिलांत दिसत नाहीं.

या इतिहासावरून नियम असा निघतो कीं, घरगुती जोडणीवरील धोक्याचीं दारें आरंभीं बंद असावींत, कारण बहुसंख्य कुटुंबांस त्यांची ओळखहि नसते. परंतु कोणतीं दारें बंद आहेत आणि कां, याची यादी कंपनीनें ग्राहकाच्या भाषेंत जाहीर करावी. ज्या ग्राहकास एखादें दार हवें असेल, त्यास तें मागतांच, शिक्षेसारखा वेगळा दर न लावतां, उघडून द्यावें. मग त्या दाराची राखण ही त्याची जबाबदारी. त्याच्या घरांतून शेजाऱ्यास उपद्रव होऊं लागला तर तेवढें दार, तेवढ्या वेळेपुरतें, त्याला कळवून बंद करावें. आणि कंपनीच्या स्वतःच्या धंद्याशीं स्पर्धा होते एवढ्याच कारणानें कोणतेंहि दार केव्हांहि बंद करूं नये. १९९५ ते २००२ या वर्षांनीं हा धडा पुरेसा महाग करून शिकविला आहे.

तानसाचें पाणी आजहि मुंबईस येतें. भातसा आणि मोडकसागर यांचें पाणीहि त्याच शहापूर तालुक्यांतून येतें; आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मोठे नळ जवळून जातात, पण तेथें तोटी नाहीं. तेथील माणसांनीं पाणी फक्त देत राहावें, अशी ती रचना झाली आहे. शहरांतील घरगुती इंटरनेट हें त्याचें उलटें चित्र आहे. तेथील माणसानें फक्त घेत राहावें, अशी ती रचना होऊं पाहत आहे. दोन्ही ठिकाणीं नळ एकाच दिशेनें वाहतो. तो कोणत्या दिशेनें वाहावा हें ज्यांच्या अंगणांतून तो जातो त्यांना कोणीं विचारलें होतें काय, हा प्रश्न शहापूरच्या पाड्यावर आणि दादरच्या दिवाणखान्यांत सारख्याच अधिकारानें विचारतां येईल.